बखरीतले साल आणि टिपणातले साल जुळत नसेल, तर विश्वास कशावर ठेवावा?

प्रश्न (ओसरी):
आमच्या घरी मोडी कागदांचा एक रुमाल (कापडात बांधलेले दप्तर) आहे. त्यातील चोपडीत मूळपुरुषाला इनाम कसे मिळाले याची हकिकत मोठी रसाळ दिली आहे. एका चिठोऱ्यावर मात्र त्याच जमिनीतील पहिल्या पेरणीची तिथी, वार आणि बियाण्याचे माप एवढेच आहे, आणि दोन्हींतील सालांत बावीस वर्षांचा फरक पडतो. घरातील वडीलधारी मंडळी चोपडीच खरी मानतात. अशा वेळी अभ्यासक कसा निर्णय करतात?

प्रतिसाद (शकगणक):
शिवजन्मतिथीचा वाद याच जातीचा होता. बखरींवरून शके 1549, म्हणजे 1627, हे साल रूढ झाले होते. पण मल्हार रामराव चिटणीसांची बखर शिवकाळानंतर सुमारे सव्वाशे वर्षांनी लिहिलेली आहे. 1916 साली लोकमान्य टिळकांनी कारीच्या जेधे देशमुखांकडील शकावली (सालवार नोंदींची यादी) प्रसिद्ध केली. तिच्यात शके 1551, फाल्गुन वद्य तृतीया, शुक्रवार अशी कोरडी नोंद आहे. पुढे तंजावरकडे सापडलेल्या परमानंदाच्या समकालीन ‘शिवभारता’तही तीच तिथी निघाली. एक देशमुखाच्या घरचे टिपण आणि दुसरे संस्कृत काव्य. एकाने दुसऱ्याचे पाहून लिहिले असावे, असे मानायला आधार नाही. शिवाय त्या तृतीयेची तारीख जुन्या ज्युलियन गणनेने 19 फेब्रुवारी 1630 येते आणि त्या दिवशी शुक्रवारच पडतो. नंतर तिथी रचणाऱ्याचे पाऊल बहुधा इथेच घसरते, म्हणून माझ्या मते वाराचा मेळ हा फार मोलाचा पुरावा आहे. आपल्या चिठोऱ्यावर वार आहे, तेव्हा जुन्या पंचांगाशी तो आधी ताडून पाहावा.

प्रतिसाद (रुमालवाला):
एक सावधगिरी सुचवतो. कोरडेपणा म्हणजे अस्सलपणा नव्हे. वतनाच्या तंट्यात बनावट कागदही पुष्कळ झाले. जेध्यांची शकावलीसुद्धा जेध्यांच्या स्वतःच्या पराक्रमाबाबत जपूनच वाचावी लागते. लिहिणाऱ्याचा ज्यात लाभ नाही, ती नोंद मी आधी मानतो. दोन्ही कागद एकदा उजेडासमोर धरून पाहावेत.

ओसरी:
पाहिले. चिठोरे हातकागदाचे आहे. चोपडीच्या पानात मात्र इंग्रजी अक्षरांचे जलचिन्ह आणि त्याखाली 1834 हा आकडा स्पष्ट दिसतो. म्हणजे ही हकिकत, निदान या चोपडीत, त्यापूर्वी उतरवलेली असणे शक्य नाही. वारही ताडला, तो जुळतो. आता बियाण्याच्या मापापुढील अक्षरे तेवढी लागत नाहीत. ती ‘कुडव’ असावीत की ‘पायली’, हे मोडी जाणकाराकडून वाचून घेणार आहे.