अर्ध्या अल्बमनंतर ड्रमर बदलला, जुना बेस ठेवायचा का?

कृष्णाकाठ (सांगली)
फंक-सोल बँड, आठ गाण्यांचा अल्बम. चार गाण्यांचे ड्रम्स आणि बेस झालेत. क्लिकवर (कानात वाजणाऱ्या ठेक्यावर), १०० बीपीएम (मिनिटाला १०० ठोके), चारही पांढरी तीन (ई) पट्टीत. आता ड्रमर बदललाय. नव्याकडून ही चार पुन्हा वाजवून घ्यायची आणि जुना बेस तसाच ठेवायचा, चालेल का? ब्राससाठी मिरजेच्या वरातीच्या बँडमधला एक ट्रम्पेट आणि एक आल्टो सॅक्स येणार आहे. आवाज स्लाय अँड द फॅमिली स्टोनच्या १९७१ च्या अल्बमसारखा कोरडा हवाय.

माहुली_मिक्स (सातारा)
नाही चालणार. १०० बीपीएमला सिक्स्टीन्थ नोट, म्हणजे ठोक्याचा चौथा भाग, १५० मिलिसेकंदांची. क्लिक तोच असला तरी एकाचा स्नेअर किंचित मागे पडतो, दुसऱ्याचा नेमका वर. फरक पंधरा-वीस मिलिसेकंदांचाच, पण बेस जुन्या किकला (पायाने वाजणाऱ्या मोठ्या ड्रमला) धरून वाजलाय, तो लंगडणार. सॉफ्टवेअरमध्ये ग्रिडवर (ठेक्याच्या नेमक्या रेघांवर) ओढलंत तर घोस्ट नोट्स (मधले हलके, जेमतेम ऐकू येणारे फटके) मेल्या. ओढायचंच असेल तर ड्रम्सचे सगळे ट्रॅक ग्रुप करून हलवा. नुसता स्नेअर सरकवला की ओव्हरहेडमधला (ड्रम्सच्या वर लावलेल्या माइकमधला) जागेवरच राहतो आणि फटका दुहेरी ऐकू येतो.

तुम्ही म्हणता तो अल्बम या बाबतीत कित्ता म्हणून घेऊ नका. त्यांचा ड्रमर ग्रेग एरिको तेव्हा बँड सोडत होता, आणि स्लायनं बरंचसं काम ऱ्हिदम मशीनवर भागवलं. त्यातला दबका आवाज हा एकाच टेपवर पुन्हापुन्हा केलेल्या ओव्हरडबचाही (आधीच्या रेकॉर्डिंगवर नवं वाजवून भरण्याचाही) परिणाम आहे. तो प्लगइननं (सॉफ्टवेअरमधल्या इफेक्टनं) आणायला गेलं की नुसता चिखल होतो. लाइनअप बदलल्यावर काय करायचं ते त्यांच्याच १९७३ च्या ‘फ्रेश’ अल्बममध्ये ऐका: ड्रम्सला अँडी न्यूमार्क, लॅरी ग्रॅहॅमच्या जागी बेसवर रस्टी ॲलन.

कोरडेपणासाठी किकमध्ये घोंगडी, तीही बॅटर हेडला (ज्यावर फटका बसतो त्या कातड्याला) जेमतेम टेकलेली. स्नेअरवर दुमडलेला रुमाल चिकटपट्टीनं.

मिरज_ब्रास
ड्रमरचं नंतर बघा, आधी पट्टी बघा. पांढरी तीन म्हणजे बी फ्लॅट ट्रम्पेटला एफ शार्प, सहा शार्प. आल्टोला सी शार्प, सात! वरातीत बोटं बहुतेक सोप्या पट्टीत फिरलेली असतात. वेगवान स्टॅब (ब्रासचे तुटक, झटक्याचे सूर) या पट्टीत स्वच्छ निघणं अवघड. काळी दोनवर (ई फ्लॅट) उतरा. ट्रम्पेट एफमध्ये, आल्टो सीमध्ये. गिटार-बेस अर्धा सूर खाली ट्यून करा. बेसच्या तारांची जाडी ०४५-१०५ (इंचाचे हजारांश) च्या खाली नको, नाहीतर स्लॅपला (अंगठ्यानं तारेवर ठोका मारताना) तार फडफडते.

उन्हाळ्यात पंखा-एसी बंद ठेवून टेक घेतला की दोन्ही वाद्यांचा सूर चढतो. प्रत्येक टेकआधी ट्यूनरवर बघा. ट्रम्पेटची मेन स्लाइड ओढा, सॅक्सचा माउथपीस कॉर्कवर थोडा बाहेर.

कृष्णाकाठ
म्हणजे बेस तसाही पुन्हा वाजवावा लागणार.

माहुली_मिक्स
मग प्रश्नच उलटला. ड्रम्सला पट्टीचं देणंघेणं नाही. (टॉम सुरात लावले असतील तर एकदा तपासा.) जुने ड्रम्स ठेवा, त्यावर बेस काळी दोनमध्ये नव्यानं. जुना बेस पिच-शिफ्टनं (सॉफ्टवेअरनं सूर बदलून) उतरवू नका, स्लॅपचा ठोका बोथट होतो. नवा ड्रमर उरलेल्या चार गाण्यांवर, बेसवाल्यासोबत एकाच वेळी, एकाच खोलीत. बेस थेट डीआयमधून (माइकशिवाय, वायरनं डबीतून) घ्या, म्हणजे ड्रम्सच्या माइकमध्ये सांडणार नाही.