हाताला लागलं? घाला हातमोजे!

चाकणचा_फिटर:
एका सेफ्टी ऑफिसरांनी काल लिहिलंय, "वर्षभराचं अपघात रजिस्टर एक्सेलमध्ये टाकलं, सर्वाधिक इजा हाताच्या निघाल्या, म्हणून सगळ्यांना हातमोज्यांचं ट्रेनिंग दिलं." वाचून डोकंच फिरलं. पत्रा दाबणाऱ्या प्रेसखाली बोट गेलेला, पत्र्याची धारदार कड (बर) लागून कापलेला आणि ड्रिलवर हात ओढला गेलेला, तिघेही एकाच रकान्यात? अहो, फिरत्या ड्रिलवर हातमोजा घालायचाच नसतो, तोच गुंडाळला जातो! कुठलं मशीन, कुठली शिफ्ट, माणूस नवा की जुना, माल अडकला होता का, हे कोण बघणार?

एक्सेलवाला_साहेब:
ती पोस्ट माझीच. ड्रिलवाले वगळले होते, लिहायचं राहिलं. निदान आकडे तरी काढले. बाकीकडे ४ मार्चला शपथ, बॅज, वडापाव की झाला सुरक्षा दिन.

भोसरीकर:
कसले आकडे? अपघातामुळे ४८ तास कामावर येता आलं नाही तर सरकारला कळवायचं असा कायदा. म्हणून मेहुण्याला सहा टाके पडूनही दुसऱ्या दिवशी स्टोअरमध्ये खुर्चीवर बसवला. 'लाइट ड्यूटी'! रजिस्टर कोरं, गेटवरच्या अपघातमुक्त दिवसांच्या बोर्डावर आणखी एक दिवस.

एचआरमधली:
सगळे तसे नसतात हो. कित्येक जण स्वतःच लाइट ड्यूटी मागतात. ईएसआयचे (कामगार विम्याचे) पैसे हातात पडेपर्यंत घर कशावर चालणार?

भोसरीकर:
स्वतः मागतात?? घरी बसला तर काँट्रॅक्टर गेटपास बंद करतो, म्हणून मागतात! एसी केबिनमधून बरं दिसतं सगळं.

एचआरमधली:
माझ्या केबिनला एसी नाही. आणि ईएसआयचे फॉर्म मीच भरते, रात्री आठपर्यंत बसून. भांडायचंय की बोलायचंय?

साडेनऊ_बोटं:
तुमचं चालू द्या. माझं बोट गेलं तेव्हा माझं ट्रेनिंग झालेलं होतं, सर्टिफिकेटसकट. जुनी प्रेस. दोन्ही हातांनी दोन बटणं दाबली तरच ती चालायची. टार्गेटपायी सुपरवायझरने त्यातलं एक बटण लाकडाची चीप खोचून दाबून ठेवलेलं. रजिस्टरमध्ये कारण काय? 'कामगाराचा निष्काळजीपणा'. मग आकड्यांप्रमाणे ट्रेनिंग कुणाला? परत मलाच.

एक्सेलवाला_साहेब:
बरं बाबा, 'निष्काळजीपणा' हा रकानाच उडवतो. सुपरवायझरची वेगळी बॅचही लावतो, प्रॉडक्शनवाल्यांनी सोडलं तर.

साडेनऊ_बोटं:
बॅच लावा, पण आधी प्रेसचं कंट्रोल बदला. एक बटण दाबलेलंच राहिलं तर पुढचा स्ट्रोक पडता कामा नये. ते महाग पडतं, म्हणून ट्रेनिंग.

चाकणचा_फिटर:
आणि उरलेल्या हातमोज्यांचं काय करणार?

भोसरीकर:
आमच्याकडे त्यांनी साहेबांच्या गाड्या पुसतात.