दार कोणी उघडायचे? सोसायटीच्या ग्रुपवरील झॉम्बीपटांची चर्चा

ए-३०२ (काकू): नमस्कार मंडळी. माझा सोळा वर्षांचा नातू सुट्टीसाठी आला आहे आणि रोज रात्री जेवण झाले की झॉम्बीचे चित्रपट लावून बसतो. काल मी अर्धा तास त्याच्या शेजारी बसले, पण रक्त आणि किंकाळ्यांपलीकडे माझ्या हाती काही लागले नाही. सी विंगमधल्या ७०४ च्या भाऊंना या चित्रपटांची फार आवड आहे, असे तो म्हणाला. त्यात इतके पाहण्यासारखे काय असते, हे कृपया मला नीट समजावून सांगाल का?

सी-७०४: काकू, तुम्ही विचारलेत याचा मनापासून आनंद झाला. कॉलेजात असल्यापासून मी हे चित्रपट पाहत आलो आहे आणि माझ्या आवडत्या चित्रपटांची नावे मनाशी घोळवली, की प्रत्येकात मला एक बंद दार दिसते. बाहेर झॉम्बी, म्हणजे मरूनही उठून जिवंतांना खायला येणारी माणसे, असतात हे खरे, पण कथा घडते ती आत अडकलेल्या जिवंत माणसांमध्ये: दार कोणी लावले, बाहेर राहिलेल्यासाठी ते कोण उघडते आणि उघडू नका म्हणून कोण ओरडते. मेलेल्यांना स्वभाव नसतो, त्यामुळे जिवंतांचे स्वभाव लपत नाहीत.

याचा पाया दिग्दर्शक जॉर्ज रोमेरो यांनी १९६८ साली ‘नाइट ऑफ द लिव्हिंग डेड’मध्ये घातला. अमेरिकेतील पिट्सबर्ग शहराच्या परिसरात, सव्वा लाख डॉलरच्याही आत तयार झालेला हा कृष्णधवल चित्रपट आहे आणि त्यातले रक्त म्हणजे चॉकलेटचे सिरप आहे, तेव्हा रक्ताची धास्ती बाळगू नका. एका शेतघरात सात माणसे अडकतात. बेन नावाचा कृष्णवर्णीय तरुण घरातल्या फळ्या आणि दारे उपसून खिडक्यांवर ठोकत सुटतो, तर कूपर नावाचा गृहस्थ म्हणतो की सगळ्यांनी तळघरात उतरावे आणि एकच दार आतून लावून घ्यावे. हा वाद इतका खरा वाटतो, की मेलेल्यांकडे आपले लक्षच राहत नाही. पुढे बेन बाहेरून जीव घेऊन धावत येतो तेव्हा कूपर आत उभा असूनही दार उघडत नाही, आणि बेनला ते लाथेने फोडून आत यावे लागते. हा प्रसंग मी किमान दहा वेळा पाहिला असेल, तरी अजूनही त्या वेळी माझ्या हाताच्या मुठी वळतात.

बी-१०१ (काका): हा चित्रपट मी फार पूर्वी व्हिडिओ कॅसेटवर पाहिला होता. शेवट आठवला की आजही अस्वस्थ होतो. तो इथे सांगावा का, अशी शंका वाटते, कारण काकूंनी अजून पाहिलेला नाही.

ए-३०२ (काकू): काका, अवश्य सांगा. मला शेवट आधी ठाऊक असलेला बरा, म्हणजे मध्ये छाती धडधडत नाही.

सी-७०४: काकांची हरकत नसेल तर मी सांगतो. रात्र संपते तेव्हा बेन एकटाच जिवंत उरलेला असतो, आणि तोही त्याच तळघरात, जिथे जायला त्याचा विरोध होता. सकाळी बंदुका घेतलेली माणसे मेलेल्यांना टिपत घरापाशी येतात. बेन खिडकीशी येतो, ते त्याला झॉम्बी समजतात आणि लांबूनच गोळी घालतात. आत कोणी आहे का, अशी साधी हाक कोणी मारत नाही. त्यानंतर पडद्यावर वर्तमानपत्रात छापल्यासारखी भरड, स्थिर छायाचित्रे येत राहतात आणि त्यांत बेनचे प्रेत लोखंडी आकड्यांनी ओढून नेलेले दिसते. कृष्णवर्णीयांच्या हक्कांसाठी लढणारे मार्टिन ल्यूथर किंग यांची हत्या झाली तेही हेच वर्ष होते, त्यामुळे तेव्हाच्या अमेरिकी प्रेक्षकाला ती छायाचित्रे कशाची आठवण देत असतील, हे वेगळे सांगायला नको. आणखी एक गोष्ट अशी, की या चित्रपटात झॉम्बी हा शब्द एकदाही येत नाही.

बी-१०१ (काका): मग हा शब्द आला कुठून?

सी-७०४: काका, हैतीमधून. तिथल्या लोकसमजुतीतला झॉम्बी माणसे खात नाही. तो स्वतःची इच्छा हिरावली गेलेला, मेल्यानंतरही राबवला जाणारा माणूस असतो, आणि फ्रेंच मळेवाल्यांनी ज्या बेटावर गुलामांकडून ऊस पिकवून घेतला, तिथे हीच भीती सर्वांत मोठी असावी, यात मला नवल वाटत नाही. १९३२ च्या ‘व्हाइट झॉम्बी’मध्ये साखर कारखान्याचा एक प्रसंग आहे. झॉम्बी उसाचा चरक ओढत असतात, त्यांतला एक जण तोल जाऊन चरकात पडतो आणि बाकीचे पाऊल न थांबवता तसेच फिरत राहतात. लाकडाच्या करकरीखेरीज तिथे दुसरा आवाज नाही. नव्वद वर्षांपूर्वीच्या त्या चित्रपटात बाकी बरेच काही जुनाट झाले असले, तरी हा एक तुकडा आजच्या कोणत्याही भयपटापुढे ठेवावा इतका जबरदस्त आहे.

डी-६०३: भाऊ, मला मात्र धावणारे झॉम्बी जास्त भीतिदायक वाटतात. डॅनी बॉइल यांचा २००२ सालचा ‘२८ डेज लेटर’ तुमच्या यादीत का नाही? पहाटेच्या रिकाम्या लंडनमध्ये वेस्टमिन्स्टर पुलावरून एकटा चालणारा किलियन मर्फी मी कधीही विसरू शकणार नाही.

सी-७०४: ताई, तो यादीत आहेच. त्यातली माणसे मेलेली नसून विषाणूने पिसाळलेली आहेत, म्हणून काही चाहते त्याला झॉम्बीपट मानत नाहीत, पण मी तो वाद महत्त्वाचा मानत नाही. लहान डिजिटल कॅमेऱ्यांवर चित्रण केल्यामुळे पहाटे काही मिनिटांपुरती वाहने थांबवूनही त्यांना ती दृश्ये टिपता आली, आणि चित्राचा तो किंचित भुरकट पोत कथेला शोभतोही. जपानचा ‘वन कट ऑफ द डेड’ही जरूर पाहा. त्यात सुरुवातीची सदतीस मिनिटे एकाही कटशिवाय, म्हणजे कॅमेरा मध्ये न थांबवता, चालतात, आणि ती कंटाळवाणी वाटली तरी उठू नका, एवढेच सांगतो.

बी-४०२: मी लहानपणापासून डोंबिवलीत वाढलो, म्हणून ‘झोंबिवली’चे नाव घेतल्याशिवाय राहवत नाही. आदित्य सरपोतदार यांनी २०२२ साली मराठीत हे धाडस केले, याचा मला अभिमान वाटतो.

सी-७०४: अगदी योग्य नाव घेतलेत. गोव्याच्या पार्श्वभूमीवरचा ‘गो गोवा गॉन’ त्याच्या नऊ वर्षे आधी हिंदीत आला होता आणि मला तो आवडतोही, परंतु ‘झोंबिवली’ने हा प्रकार आपल्या पाण्याच्या प्रश्नाशी जोडला, उंच इमारत आणि शेजारची वस्ती समोरासमोर उभी केली, ही मला त्याची खरी कमाई वाटते. कारण तिथेही प्रश्न दाराचाच आहे, फक्त ते दार सोसायटीचे आहे.

ए-३०२ (काकू): इतके सगळे पाहणे मला जमायचे नाही. एकच पाहायचा असेल तर कोणता पाहू?

सी-७०४: काकू, ‘ट्रेन टू बुसान’ पाहा. योन सांग-हो यांचा हा दक्षिण कोरियाचा चित्रपट २०१६ साली आला. कामात बुडालेला एक बाप आपल्या लहान मुलीला तिच्या आईकडे पोचवण्यासाठी सेऊलहून बुसानला जाणाऱ्या वेगवान गाडीत बसतो आणि एका डब्यात संसर्ग सुरू होतो. त्यातला एक बारकावा मला फार आवडतो. झॉम्बींना सरकते दार उघडता येत नाही, पण काचेतून माणूस दिसला की ते त्यावर तुटून पडतात. हे लक्षात आल्यावर एक गरोदर बाई काचेवर पाणी उडवून वर्तमानपत्राचे कागद चिकटवत जाते आणि पलीकडची धडपड हळूहळू थंडावते. घरात कोणालाही सुचेल इतका साधा उपाय आहे, आणि तो पाहताना आपणही श्वास रोखून धरतो. मात्र पुढे अनेक डबे ओलांडून काही माणसे जिवावर उदार होऊन सुरक्षित डब्यापाशी पोचतात, तेव्हा आतले सुशिक्षित, नीटनेटक्या कपड्यांतले प्रवासी दार घट्ट धरून ठेवतात. काकू, कूपरपासून अठ्ठेचाळीस वर्षे झाली तरी तो तिथे आहेच, आणि या वेळी तो एकटा नाही.

ए-३०२ (काकू): ठीक आहे. उद्या दुपारी नातवाबरोबर पाहते. आवाज मात्र कमी ठेवीन, मला किंकाळ्या सहन होत नाहीत. याचाही शेवट सांगून ठेवा.

सी-७०४: काकू, एवढा एक शेवट मी सांगणार नाही, क्षमा असावी. पहिले दीड तास आवाज हवा तितका कमी ठेवा, चित्रपटाचे काही बिघडणार नाही. पण अगदी अखेरीस रेल्वेचा एक बोगदा येतो आणि बोगद्याच्या पलीकडे बंदुका रोखलेले सैनिक असतात. बेनला ज्यांनी हाक मारली नाही, त्यांची आठवण तिथे ठेवा, आणि नातवाला सांगून तेवढ्यापुरता आवाज पूर्ण वाढवून घ्या.