कोलाजेन पावडर खाऊन किडनीची जाळी भरत नाही

बोरीकाठ, अमळनेर
गेल्या आठवड्यापासून जळगाव-धुळ्याच्या ग्रुपांवर एक पोस्ट फिरतेय. "किडनीची जाळी कोलाजेनची असते. लघवीला फेस म्हणजे जाळी झिजली. रोज दोन चमचे कोलाजेन पावडर घ्या, जाळी भरून येते." आमच्या गल्लीतल्या शुगरच्या एका पेशंटने हे वाचून गोळ्या सोडल्या आणि पावडरचा डबा आणला. त्यामुळे लांब लिहितोय, वाचा.

जाळीत कोलाजेन असतं, पण कुठलं? डब्यातलं बहुतेक टाइप वन असतं, जनावरांच्या कातडी-हाडांचं नाहीतर माशांचं. ग्लोमेरुलस म्हणजे किडनीतला रक्त गाळणारा बारीक रक्तवाहिन्यांचा गुच्छ, त्याच्या बेसमेंट मेम्ब्रेनमध्ये, म्हणजे या जाळीत, असतं टाइप फोर, आणि तेही अल्फा ३, अल्फा ४ आणि अल्फा ५ या साखळ्या तीन पेडांच्या दोरासारख्या वळलेलं. हा दोर जाळीला बाहेरून बिलगलेल्या पोडोसाइट पेशी स्वतः, जागेवर वळतात. पोटात गेलेलं कोलाजेन पचून त्याची अमिनो आम्लं आणि बारीक तुकडे होतात, ते उठून किडनीत जाऊन बसत नाहीत.

आणि कोलाजेन एकटं नाही, सोबत आणखी प्रोटीन आहेत. लॅमिनिन ५२१, निडोजेन, अ‍ॅग्रिन मिळून मोठ्या माणसात ३०० ते ३५० नॅनोमीटरच्या आसपास जाडीची मेम्ब्रेन होते. तिच्या आतल्या बाजूला छिद्रांच्या एंडोथेलियम पेशी (रक्तवाहिनीचं अस्तर), बाहेर पोडोसाइटचे पाय, आणि त्या पायांमधल्या फटीत नेफ्रिन आणि पोडोसिन ही प्रोटीन. यातून दिवसाला सुमारे १८० लिटर द्रव गाळला जातो आणि अल्ब्युमिन, म्हणजे रक्तातलं मुख्य प्रोटीन, जवळपास सगळं रक्तात राहतं.

शुगरमध्ये ही मेम्ब्रेन झिजत नाही, जाड होते. जाड होऊनही गळते, कारण तिची घडण बिघडते आणि पोडोसाइट सुटून जातात. गेलेल्या पोडोसाइट सहसा भरून येत नाहीत. मग पावडर नेमकं काय भरणार?

जिमवाला, जळगाव
पोस्ट माझीच आहे सर. कोणाच्या गोळ्या बंद करायला मी सांगितलं नव्हतं. पण माझा राग समजून घ्या. माझ्या काकांच्या लघवीत प्रोटीन निघालं, तर आधी तूरडाळ बंद, मग अंडी, मग दूध. सहा फुटाचा माणूस, धोतर कमरेला राहिना. लघवीतून प्रोटीन वाहून जातंय आणि वरून खायचंही नाही, हा कुठला न्याय? जे जातंय ते भरायला नको?

पॅथॉलॉजी, धुळे
भाऊ, हे तुमच्यासारखंच आधीच्या डॉक्टरांनाही वाटायचं, नेफ्रोटिकच्या (लघवीतून खूप प्रोटीन जाऊन अंग सुजतं तो आजार) पेशंटला भरपूर प्रोटीन द्यायचे. मोजल्यावर दिसलं की लिव्हर अल्ब्युमिन जास्त बनवतं, पण लघवीतून जाणंही तेवढंच वाढतं. रक्तातली पातळी वर येत नाही, गाळणीवरचा ताण मात्र वाढतो.

पण काकांचं सगळंच बंद केलं ते चूकच, एवढं तुमचं मान्य. किडनीच्या जुन्या आजारात, डायलिसिस सुरू नसेल तर, किलोमागे ०.८ ग्रॅमच्या आसपास धरतात. ६० किलोच्या माणसाला ४८ ग्रॅम. यात डाळही बसते, दूधही बसतं. बंद करायचं तर मीठ आवरा. शेवभाजी, पापड, लोणचं रोज खाऊन गोळ्यांचा अर्धा फायदा घालवणारे आमच्याकडे रांगेने येतात.

केळीवाला, यावल
डाळीचं तुम्ही बोलले, आता आमचं ऐका भो. दवाखान्यात भिंतीवर तक्ता, पहिल्या नंबरला केळीवर फुली! लघवीत जरा प्रोटीन दिसलं की "केळी बंद". रावेर-यावलचं अर्धं पोट केळीवर आहे. माझ्या सासऱ्यांचं क्रिएटिनिन (किडनीचं काम सांगणारी रक्ततपासणी) नॉर्मल, पोटॅशियम नॉर्मल, तरी स्वतःच्या बागेतलं केळ खाऊ देत नव्हते. आणि शहाळं? ते आजाऱ्याला भेटायला जाताना आपणच नेतो. बटाटा? टमाट्याचं सूप? त्यांच्यावर फुली नाही. जाळी कोलाजेनची असो नाहीतर कशाची, केळ्याने ती फाटते का, एवढं सांगा.

बोरीकाठ, अमळनेर
केळ्याने जाळी फाटत नाही. पण विषय दुसरा चालू आहे दादा.

केळीवाला, यावल
सर, तुमच्यासाठी दुसरा. आमच्यासाठी हाच.

पॅथॉलॉजी, धुळे
मध्यम केळ्यात ४०० मिलिग्रॅमच्या आसपास पोटॅशियम असतं. किडनीचं काम बरंच कमी झालेलं असेल किंवा रक्तातलं पोटॅशियम चढलेलं असेल तर ते आवरावं लागतं, आणि तेव्हा शहाळं, बटाटा, टमाटाही आवरावे लागतात. नुसतं प्रोटीन जातंय म्हणून केळं तोडायचं कारण नाही. पण एक गोम आहे. प्रोटीन कमी जावं म्हणून ज्या गोळ्या देतात, रामिप्रिल किंवा टेल्मिसार्टन, त्यांनीच पोटॅशियम वाढू शकतं. म्हणून गोळी सुरू झाल्यावर रक्त तपासायचं असतं. ते कोणी करत नाही, आणि तक्ता लावणं सोपं असतं.

केळीवाला, यावल
बघा! म्हणजे तपासणी करायची नाही म्हणून माझा माल बदनाम. उन्हात घड उतरवायचे आम्ही आणि फुली आमच्यावर. याच्यावर कोणी पोस्ट लिहीत नाही.

बारावी बायो, नंदुरबार
केळ्यातून बाहेर या. मुख्य लेखातच अर्धवट सांगितलंय. आम्ही पोरांना शिकवतो की मेम्ब्रेनवर ऋण भार असतो, हेपरान सल्फेटमुळे. अल्ब्युमिनवरही ऋण भार, म्हणून ते मागे ढकललं जातं. १९७० च्या दशकात उंदीरवर्गातल्या प्राण्यांना डेक्स्ट्रान (साखरेची लांब साखळी) देऊन हे दाखवलंय. भाराचं नाव न घेता जाळी समजावणं म्हणजे मुलांचे मार्क घालवणं.

बोरीकाठ, अमळनेर
मार्कांसाठी ते लिहू द्या, मी अडवत नाही. पण नंतर उंदरांमध्ये मेम्ब्रेनमधलं अ‍ॅग्रिन काढून, म्हणजे त्याला चिकटलेलं हेपरान सल्फेटही काढून, भार बराच कमी करून पाहिला, तरी फारसं प्रोटीन गळलं नाही. लॅमिनिनची बीटा २ साखळी नसलेल्या उंदरांमध्ये मात्र भरपूर गळलं. माणसात तीच साखळी बिघडली की पिअरसन सिंड्रोम होतो, मूल जन्मतःच किडनी आणि डोळ्यांचा त्रास घेऊन येतं. नेफ्रिनचं तसंच. १९९८ मध्ये फिनलंडमधल्या नवजात बाळांच्या आजारावरून ते जनुक सापडलं, ते बिघडलं की आईच्या पोटातच गळती सुरू होते. भार काहीच करत नाही असं मी म्हणत नाही. पण त्याच्यावर सगळा इमला उभा करून शिकवणं आता बंद करा.

बारावी बायो, नंदुरबार
पुस्तक बदला, मग शिकवणं बदलतो. पेपर मी काढत नाही. उंदरांची गोष्ट वर्गात सांगेन, एवढं ठीक.

मावशी, शिरपूर
तुमचे उंदीर आणि पेपर चालू द्या, मला माझ्या बहिणीच्या मुलाचं सांगायचंय. लहानपणापासून लघवीत रक्त, डोळ्याला न दिसणारं, फक्त तपासणीत. प्रत्येक ठिकाणी एकच उत्तर, मुतखडा. आपल्याकडे कंबर दुखली तरी मुतखडा, लघवी लाल झाली तरी मुतखडा. सोनोग्राफीत खडा नाही तर "बारीक असेल, पडून गेला असेल". वरून गावठी काढे. शाळेत बाई म्हणायच्या लक्ष देत नाही. लक्ष काय देणार, त्याला ऐकूच कमी येत होतं! कान आणि लघवी एकत्र कोणी जोडलं नाही. शेवटी नाशिकला एका डॉक्टरांनी कानाची तपासणी मागितली आणि अल्पोर्ट निघाला, जाळीच्या कोलाजेनचा जन्मजात आजार. तुम्ही वर लिहिलेला तोच अल्फा ५.

तोवर क्रिएटिनिन चढलं होतं. बहीण किडनी द्यायला तयार झाली, तर तिच्याच लघवीत रक्त. तिला इतकी वर्षं सांगितलं होतं, "तू फक्त वाहक, तुला काही नाही."

पॅथॉलॉजी, धुळे
मावशी, "फक्त वाहक" हे सांगणंच चूक आहे. अल्फा ५ चं जनुक एक्स गुणसूत्रावर आहे. बायकांना त्रास सहसा उशिरा आणि कमी होतो, पण होतो, काहींची किडनी निकामीही होते. बहिणीची दरवर्षी लघवी, बीपी आणि क्रिएटिनिन व्हायला हवं. बाकीच्यांसाठीही सांगतो. रक्त जातंय, खडा दिसत नाही, घरात कोणाला कमी ऐकू येतं किंवा कोणाची किडनी गेलेली आहे, तर मुतखड्याचा काढा थांबवा आणि किडनीच्या डॉक्टरांकडे जा. लवकर कळलं तर रामिप्रिलसारख्या गोळीने डायलिसिस बरंच पुढे ढकलता येतं.

बोरीकाठ, अमळनेर
मावशींच्या भाच्याच्या जाळीत अल्फा ३-४-५ चा दोर बनतच नाही. गर्भातला अल्फा १-२ चा जुना दोर राहतो, तो इतक्या वर्षांचा दाब सोसत नाही. दुसऱ्याची किडनी बसवली तर क्वचित शरीर त्या नव्या जाळीच्या कोलाजेनवरच उलटतं, कारण ती साखळी त्याने कधी पाहिलेलीच नसते. आणि अशा मुलाच्या आईला कोणी म्हणायचं, दोन चमचे पावडर घाल दुधात?

जिमवाला, जळगाव
मावशी, मला हे माहीत नव्हतं. पोस्टमधली कोलाजेनची ओळ काढतो. डाळ-अंडी सरसकट बंद करू नका, हे मात्र ठेवणार, ते धुळ्याच्या सरांनीही मानलंय.

बोरीकाठ, अमळनेर
ठेवा. पण किलोमागचा आकडा टाका, आणि गोळ्या स्वतःहून सोडू नका हे वरच्या ओळीत लिहा. आमच्या गल्लीतल्या माणसाला मीच नेऊन दाखवतो.

केळीवाला, यावल
आणि केळ्याचं?

जिमवाला, जळगाव
"पोटॅशियम तपासल्याशिवाय केळी तोडू नका." टाकली ओळ. झालं?

केळीवाला, यावल
शहाळं पण लिहा.