हंगामाच्या सणात बोली लावणाऱ्यांची नावं पुकारावीत का?

खानापूरकर:
रविवारी आमच्या मंडळीत, म्हणजे चर्चमध्ये, हंगामाचा सण झाला. भात, नारळ, रताळी, कोंबड्या वेदीपुढं ठेवल्या, उपासनेनंतर लिलाव. एक भोपळा 4,500 ला गेला आणि घेणाऱ्याचं नाव माईकवरून तीनदा आलं. तेवढ्यात मागच्या बाकावरच्या मावशीनं पदराची गाठ सोडली. पन्नासाची नोट, घडी घालून घालून मऊ पडलेली. दानपेटीत टाकली आणि पाणी प्यायला बाहेर गेली.

बायबलात मार्कच्या 12 व्या अध्यायातली गरीब विधवा दानपेटीत दोन टोल्या टाकते, म्हणजे एक दमडी. येशू किती टाकलं ते मोजत नाही, मागं काय उरलं ते बघतो. भोपळेवाल्याचा पैशाचा मोह काही सुटला नाही, वर नावाचा लागला. उजव्या हातानं दिलेलं डाव्या हाताला कळू देऊ नका, हे मत्तयात स्पष्ट लिहिलंय. पुकारणं बंद करा.

कॅम्पातली शिक्षिका:
मला नाही पटत. त्याच पैशातून छपरावर पत्रे आले, दोघी मुलींची नर्सिंगची फी भरली. चुरस लागते म्हणूनच पैसा बाहेर येतो. आधी मूठ तर उघडू दे, मन येईल मागनं. बायबलातल्या जक्कय जकातदारानं पण येशूपुढं उभं राहून सगळ्यांदेखत सांगितलं की, अर्धी मालमत्ता गरिबांना.

खानापूरकर:
पुढचं पण वाचा की. लुबाडलेलं चौपट परत देतो म्हणाला. आणि लोक त्याच्यावर कुरकुरत होते, शाबासकी कुठं देत होते? आपल्याकडं देणाऱ्याला हार घालतात आणि पैसा आला कुठनं ते कुणी विचारत नाही.

निपाणीचा:
मला त्या मावशीची नोटच टोचली. माझी आई विड्या वळायची. मजुरी हातात पडली की पहिला दशांश, म्हणजे देवाचा दहावा वाटा, डब्यात, मग रॉकेल. आम्ही नुसत्या आमटीवर झोपलोय. मार्कच्या त्याच अध्यायात 40 व्या वचनात, विधवेच्या दोन ओळी आधी, येशू विधवांची घरं गिळणाऱ्यांना झोडतो. ते वचन उपदेशात मी एकदाही ऐकलं नाही. तिनं दिलं म्हणून डोळे पुसायचे आणि तिच्या घरात तांदूळ आहे का ते बघायचं नाही, ही कसली मंडळी?

कॅम्पातली शिक्षिका:
आईंना कधी विचारलंत, का देत होत्या?

निपाणीचा:
विचारलं. म्हणाली, बाकी सगळा पैसा दुकानदाराच्या वहीत जायचा, तेवढाच एक माझ्या हातानं जायचा. यावर मला काही बोलता आलं नाही. राग मात्र अजून आहे.

खानापूरकर:
करिंथच्या मंडळीला प्रेषित पौलानं पत्रात हेच लिहिलंय : दुसऱ्यांना आराम आणि तुम्हाला ओझं असं नको, समानता हवी. मावशीकडं मी उद्या जातो, चुकलंच माझं. पण पुढच्या वर्षी बोली चिठ्ठीवर लिहून डब्यात टाकायची, हे पाळकांपुढं मांडणार.

कॅम्पातली शिक्षिका:
मांडा. भोपळा 200 ला जाईल. फी कुठून भरायची, ते पण त्याच बैठकीत मांडा.