मदत हवी आहे: आईच्या श्रवणयंत्राची शिट्टी आणि निसटणारे शब्द (सांगली-मिरज)

आई 72 वर्षांची, तासगावजवळ गावी असते. दोन्ही कानांत नसेचा बहिरेपणा आहे. ऑडिओग्राममध्ये (ऐकण्याच्या तपासणीच्या आलेखात) जाड आवाजाला, 500 हर्ट्झला, 35 डेसिबल, पण बारीक आवाजाला, 4000 हर्ट्झला, 75; आकडा मोठा तितकं ऐकू कमी. म्हणजे आवाज येतो, पण स, ख, थ असली अक्षरं निसटतात. 'साखर' म्हटलं की तिला 'भाकर' ऐकू येतं. समोर बसून सावकाश बोललं तर सगळं कळतं, टीव्ही चालू असला की काहीच नाही.

उजव्या कानाला कानामागचं डिजिटल यंत्र घेतलंय. डोक्यावर पदर घेतला की ते शिट्टी मारतं, मग ती काढून डबीत ठेवते. पदर ती सोडणार नाही, आणि तिनं सोडावा असं मलाही वाटत नाही. कानातला मळ काढून झाला, यंत्राच्या कानात जाणाऱ्या टोकाला मोठी रबरी टोपी लावून पाहिली. आवाज कमी केला की शिट्टी थांबते, पण शब्दही जातात. विक्रेता फक्त महागडं यंत्र सुचवतोय.

कानाच्या डॉक्टरांच्या मते पडदा ठीक आहे. दोन्ही कानांचं मिळून बजेट चाळीस हजार. ती स्मार्टफोन वापरत नाही, त्यामुळे ॲपवर चालणारं यंत्र नको.

कानाचं माप घेऊन बनवलेल्या साच्यानं पदराखालची शिट्टी कुणाची थांबली आहे का? दुसऱ्या कानालाही यंत्र लावल्यावर गोंगाटात शब्द जास्त कळतात का? आणि मुख्य म्हणजे, कानात बारीक नळी घालून पडद्याजवळचा आवाज मोजून यंत्र सेट करणारे ऑडिओलॉजिस्ट सांगली-मिरजेत कुठे आहेत?