घरात कन्सोल आणायचा तर आधी माणसं मोजा, मग पिक्सेल

कृष्णाकाठची (सांगली, विश्रामबाग)

परवा एका दादांनी इथं लिहिलं, "घरासाठी कन्सोल म्हणजे पीएस फाईव्ह, विषय संपला. सिरीज एस गरिबाचा, स्विच बारक्या पोरांचा. आणि बायकोला विचारत बसू नका, तिला त्यातलं काय कळतंय." दोन दिवस गप्प बसले. आज लिहिते. नवख्यांसाठी आधी एवढंच: कन्सोल म्हणजे टीव्हीला जोडून गेम खेळायचं यंत्र. पीएस फाईव्ह सोनीचा, सिरीज एस मायक्रोसॉफ्टचा एक्सबॉक्स, स्विच निंटेंडोचा.

मला कळतंय. इस्लामपूरला मामानं आणलेला टीव्ही गेम आमच्या घरी होता. कॅसेट लागली नाही की काढायची, फुंकर मारायची, परत दाबायची. बदकं मारायची बंदूक जुन्या डबा टीव्हीवरच चालते, नवीन सपाट टीव्हीवर चालत नाही, हे मला तेव्हाचा खेळ मुलांना दाखवायला गेले तेव्हा कळलं. कॉन्ट्रा या गेममध्ये तीस जीव मिळवायचे तर बटणं दाबायची वर वर, खाली खाली, डावं उजवं, डावं उजवं, बी, ए. हे आमच्या घरात भावाच्या आधी मला पाठ होतं.

आता माझं घर बघा. टीव्ही एक, हॉलमध्ये. माणसं पाच: मोठा तेरा वर्षांचा, धाकटी आठची, आम्ही दोघं आणि सासूबाई. संध्याकाळी सात ते साडेआठ टीव्ही सासूबाईंचा, त्यावर चर्चा नाही. पोरांची खेळायची वेळही नेमकी तीच, कारण क्लास सहाला सुटतो आणि नऊला जेवणं. ह्यांच्या बोनसमधले चाळीस हजार बाजूला ठेवलेत.

दादांचा पीएस फाईव्ह २ फेब्रुवारी २०२१ ला भारतात आला तेव्हा डिस्कवाला ४९,९९० आणि डिजिटल, म्हणजे डिस्कशिवायचा, ३९,९९० होता. पूर्वी कन्सोल जुना झाला की उतरायचा. हा २०२२ च्या नोव्हेंबरात पाच हजारांनी चढला. त्यात डब्यात कंट्रोलर एक. दुसरा घेतल्याशिवाय बहीण-भाऊ शेजारी बसून खेळू शकत नाहीत, एक खेळतो आणि दुसरी रडते. म्हणजे आणखी पाच-सहा हजार. वर गेम. माझं बजेट दारातच संपलं.

सिरीज एस १० नोव्हेंबर २०२० ला ३४,९९० ला आला. आतली जागा ५१२ जीबी लिहिलेली असते, वापरायला मिळतात ३६४ च्या आसपास. हल्लीचे मोठे गेम शंभर-शंभर जीबीचे. तीन बसले की चौथ्यासाठी एक उडवा.

स्विचला स्वतःचा पडदा असतो, आणि दोन्ही बाजूंचे जॉयकॉन, म्हणजे छोटे कंट्रोलर, काढले की दोघांच्या हातात एकेक, पहिल्या दिवसापासून. आणि सातला सासूबाई हॉलमध्ये आल्या की तो टीव्हीला जोडलेल्या डॉकमधून उचलायचा आणि आतल्या खोलीत जायचं. खेळ थांबत नाही, मालिकाही थांबत नाही. चित्र पीएस फाईव्हइतकं भारी नाही, मान्य. पण माझ्या घरात भांडण चित्रावरून होत नाही, टीव्हीवरून होतं.

म्हणून माझा कल स्विचकडे. चुकत असेन तर कुठं ते सांगा. मला काही कळत नाही असं मात्र सांगू नका.

डिस्कवाला_मिरज

ताई, ते लिहिणारा मीच. बायकोबद्दलचं वाक्य चुकलं. घरी आमच्या मंडळींनी वाचलं आणि काल रात्री जेवताना जे ऐकवलं ते ऐकवलं. ते मागे घेतो. बाकी एक शब्द मागे घेणार नाही.

टीव्हीचा प्रश्न तुम्ही स्विचनंच सुटतो असं धरून चाललाय. पीएस फाईव्हला रिमोट प्ले आहे. कन्सोल हॉलमध्ये, खेळ फोनवर, घरच्या वायफायवरून. फोनला कंट्रोलर जोडा, टीव्हीवर खुशाल मालिका लावा. माझा पोरगा रोज गॅलरीत बसून खेळतो.

दुसरं, स्विच भारतात कंपनी अधिकृत विकतच नाही. जो मिळतो तो बाहेरून आलेला. वॉरंटी म्हणजे दुकानदाराचा शब्द. ऑनलाईन दुकान भारतासाठी नाही, खातं दुसऱ्या देशाचं काढायचं, पैसे भरताना गिफ्ट कार्ड शोधत बसायचं. आणि त्यांच्या स्वतःच्या गेमची किंमत उतरत नाही. २०१७ चा मारिओ कार्ट अजून ताठ आहे.

तिसरं आणि खरं, डिस्क. मी ३,९९९ ला डिस्क घेतो, महिन्यात संपवतो, शंभर फुटी रोडच्या एका पोराला २,६०० ला देतो. गेम मला चौदाशेला पडला. आठ वर्षं हेच करतोय. हिशोब कुणीही घालून बघावा.

पोवईनाका_सातारा

डिस्क? भावा, कुठल्या जमान्यात आहेस?

आमच्याकडे सिरीज एस आहे, तीन वर्षं झाली. गरिबाचा म्हणालास ना, मग ऐक. दोन मुली, दोघींनी गेम पासवर (महिन्याला पैसे भरून पुष्कळ गेम खेळायची सोय) मिळून चाळीसेक गेम चाखले असतील. त्यातले तीस दहा मिनिटांत बंद केले. ते तीस मी डिस्कनं घेतले असते तर घर विकावं लागलं असतं. लहान पोरांना काय आवडेल हे आधी कळत नाही, हाच तर मुद्दा आहे. दुसरा कंट्रोलरही घ्यावा लागला नाही, जुन्या एक्सबॉक्स वनचा यावर चालतो. तुझ्या पीएस फोरचा कंट्रोलर पीएस फाईव्हच्या गेमला चालतो का? नाही चालत.

वीजसुद्धा बघा. पीएस फाईव्ह जड गेमला दोनशे वॅटच्या घरात जातो, एस शंभरच्या आत राहतो. आमचा इन्व्हर्टर त्याला ओढतो.

डिस्कवाला_मिरज

चाळीस गेम चाखलेस, मालकीचा किती? शून्य. भाडं थांबव, शेल्फ रिकामं. आणि भाडं तरी स्थिर आहे का? ऑक्टोबर २०२५ ला गेम पासच्या अल्टिमेट या सर्वांत वरच्या पातळीचा अमेरिकेतला महिन्याचा दर वीस डॉलरचा तीस झाला. आपल्याकडंही चढला. माझी डिस्क घेतल्यावर पुढच्या महिन्यात कुणी वरचे पैसे मागायला येत नाही.

पोवईनाका_सातारा

दर वाढला, ते खरंय. वाढल्यावर मी खालच्या पातळीवर आलो. नवीन गेम पहिल्या दिवशी मिळत नाहीत, एवढाच फरक. पण तुझ्या डिस्कमध्येही अख्खा गेम असतो असं समजू नकोस. घातली की तासभर अपडेट उतरवतोय. जागाही तेवढीच खातो, कारण गेम चालतो कन्सोलच्या आतल्या एसएसडी साठवणीवरून. डिस्क नुसती किल्ली आहे.

गावभाग_जुना

किल्ली का असेना, हातात असते.

२०१९ च्या ऑगस्टात पाणी चढत होतं तेव्हा आम्ही आयर्विन पुलाजवळची कृष्णेची पातळी दर तासाला विचारत होतो. आई धान्याचे डबे वर नेत होती, बाबा कागदपत्रं. मी पीएस फोर चादरीत गुंडाळला आणि एकोणीस डिस्क पिशवीत घालून माळ्यावर चढवल्या. फ्रिज गेला, सोफा गेला, हॉलमध्ये गुडघाभर चिखल. माळ्यावरचं वाचलं. पुढचे दोन महिने नेट नव्हतं. मित्राच्या घरी राहत होतो, त्या एकोणीस डिस्कनं दिवस काढले. म्हणून डिस्क जुनी झाली असं कुणी म्हटलं की मला राग येतो.

आणि ऑनलाईन दुकानं बंद होतात. निंटेंडोच्या जुन्या थ्रीडीएस आणि वी यू कन्सोलचं २७ मार्च २०२३ ला झालं, एक्सबॉक्स ३६० चं २९ जुलै २०२४ ला.

पोवईनाका_सातारा

पुराचं वाचून वाईट वाटलं दादा, मनापासून. पण ३६० च्या दुकानात नवीन विकत घेणं बंद झालं. आधी घेतलेले गेम अजून उतरवता येतात. अर्धी गोष्ट सांगू नका.

गावभाग_जुना

आज उतरवता येतात. उद्याचं लिहून देतो का कुणी?

आणि डिस्कवाल्या, तुलाही एक सांगायचं राहिलंय. दिवाळीच्या आधी तुझ्याकडून एक डिस्क घेतली, बरोबर मध्ये गोल चरा. चालूच होत नाही. तू म्हणालास "पुसून बघ." बनियननं पुसली, टूथपेस्ट लावली, काही होत नाही. अठराशे रुपये गेले. डिस्कचं इतकं कौतुक करतोस तर विकताना उजेडात धरून दाखवत जा.

डिस्कवाला_मिरज

देताना ती चालत होती. तुझ्यासमोर माझ्या घरी लावून दाखवली होती. घरी नेताना उघडी खिशात घातलीस, तेही मी बघितलं. सगळ्यांसमोर चोर ठरवायचं कारण नव्हतं.

गावभाग_जुना

चोर म्हटलं नाही. चरा म्हटलं.

खटाव_माण

तुम्ही सगळे शहरात बसून नेटवर भांडताय. आमच्या गावात फायबर आलेलं नाही. घरातलं नेट म्हणजे माझ्या मोबाईलचं हॉटस्पॉट, दिवसाला २ जीबी. शंभर जीबीचा गेम उतरवायला पन्नास दिवस, आणि त्या पन्नास दिवसांत पोरीचा ऑनलाईन अभ्यास बंद. मोठ्या गेमला डिस्कशिवाय मला रस्ता नाही. स्विचचं काय? स्विच टूच्या, म्हणजे नव्या स्विचच्या, पुष्कळ गेमच्या कार्डात आता गेमच नसतो, नुसती परवानगी असते, गेम उतरवावा लागतो. विकत घेताना डब्यावर ते लिहिलेलं असतं, बारीक अक्षरांत. ताईंनी बघून घ्यावं. जुन्या स्विचला ही भानगड नाही, बहुतेक गेम कार्डातच असतो.

इथल्यांच्या भांडणापेक्षा हे महत्त्वाचं आहे म्हणून लिहिलं.

कराडचे_काका

सगळं वाचलं. इतकी चर्चा तालमीत पोर घालण्यावर कुणी केली का? आमच्या गोळेश्वरच्या खाशाबा जाधवांनी १९५२ ला हेलसिंकीत कांस्य आणलं, त्यांच्या घरी कुठलं यंत्र होतं? चाळीस हजारांत पोराचा वर्षाचा खुराक होतो. नातू माझा दिवसभर मान खाली घालून असतो. हाक मारली तर "हं" एवढंच. मला त्याचा आवाज ऐकायला मिळत नाही, हे दुखणं आहे माझं. कन्सोल कुठला हे मला विचारू नका.

कृष्णाकाठची

काका, तुमचं दुखणं कळतंय. म्हणूनच तर एकट्याच्या फोनवरचा खेळ मला नकोय. मोठा सकाळी साडेपाचला आमराईत धावायला जातो, ह्यांच्याबरोबर. संध्याकाळी तो आणि बहीण एका पडद्यासमोर बसून भांडले, ओरडले तर मला चालेल. गप्प नकोत. नातवाशेजारी बसून एकदा गाडीची शर्यत खेळून बघा. हरलात तरी तो बोलेल तुमच्याशी.

डिस्कवाले दादा, रिमोट प्लेचं मला माहीत नव्हतं. तो मुद्दा तुमचा. पण फोन एक आणि खेळणारी दोन, मग पुन्हा एकानं बघत बसायचं. माझी अडचण तिथंच आहे आणि तुम्ही तिला हातच लावला नाहीत.

सदरबझार_आई (सातारा)

ताई, आमच्याकडे दीड वर्ष स्विच आहे, ओएलईडी. कौतुक आधी सांगते. माझी आई गुडघ्यांमुळं खुर्चीतून उठत नाही. नातीनं जॉयकॉन हातात दिला आणि बॉलिंग लावलं. आईनं हात मागं नेऊन असा फेकला की शेजारचा चहाचा कप उडाला. तेव्हापासून रोज सहाला ती स्वतः विचारते, "लावलं का गं?" असा कन्सोल दुसरा दाखवा.

आता दुखणं. मुंबईच्या एका दुकानातून बाहेरचा पीस घेतला, "एक वर्ष आमची जबाबदारी" म्हणाले, कागदावर शिक्का मारून. आठव्या महिन्यात डाव्या जॉयकॉनची अंगठ्यानं हलवायची काडी आपोआप सरकायला लागली. हात न लावता माणूस चालत सुटतो. दुकानदार आधी म्हणाला कुरिअर करा, मग म्हणाला तुम्ही पाडलाय, मग फोन उचलणं बंद. शेवटी इथल्या मोबाईल दुरुस्तीवाल्या मुलानं नऊशे रुपयांत काडी बदलून दिली, समोर बसून, वीस मिनिटांत. म्हणजे मिरजकर वॉरंटीबद्दल बोलले ते खोटं नाही. बजेटमधले दोन हजार काड्यांसाठी बाजूला ठेवाच.

डिस्कवाला_मिरज

खोटं नाही एवढं तरी कुणीतरी म्हणालं.

ठीक आहे. आजी खेळणार असतील, पोरं दोन आणि टीव्ही एक असेल, तर स्विच. तेवढ्याच घरासाठी. पोरगा पंधराचा झाला की त्याला मित्रांबरोबर फुटबॉल आणि मोठे गेम लागतील, तेव्हा ताई तुम्हीच पीएस फाईव्हचं विचारायला याल. लिहून ठेवा.

पोवईनाका_सातारा

आणि तेव्हा मी सिरीज एस सांगेन.

कृष्णाकाठची

पंधराचा होईल तेव्हा बघू. तोवर त्याचे स्वतःचे खाऊचे पैसे साठतील, निम्मे त्यानं घालावेत.

ठरलं असं: जुना स्विच, टू नाही. खटावच्या दादांनी कार्डाचं सांगितलं त्यासाठी, आणि टू माझ्या बजेटात बसत नाही म्हणूनही. घ्यायच्या आधी हातात धरून बघायचाय. सदरबझारच्या ताई, या रविवारी आम्ही साताऱ्याला नणंदेकडे येतोय. चालणार असेल तर अर्धा तास तुमच्याकडे येतो, सासूबाईंना घेऊन. त्यांना बॉलिंग दाखवायचंय. येताना भडंग आणते.

गावभागच्या दादा आणि मिरजेच्या दादा, तुम्ही दोघं ती डिस्क घेऊन एकदा भेटा. अठराशे रुपये काही थोडे नाहीत.

डिस्कवाला_मिरज

उद्या संध्याकाळी ये रे गावभाग, डिस्क आण. माझ्या मशिनला लावून बघू. नाही चालली तर हजार परत देतो. अठराशे नाही.

गावभाग_जुना

बाराशे.